दहापैकी नऊ

आमच्या कारखान्यात माझ्या वहिनीला कुणी नावाने हाक मारत नाही. तिला ‘हात’ म्हणतात. "आज हात आलाय का?" "हाताला विचारा, मगच भरा." नवीन माणूस पहिले दोन दिवस गोंधळतो, तिसऱ्या दिवशी तोही तसंच बोलायला लागतो. मला ‘वाफ’ म्हणतात, माझ्या तापट डोक्यामुळे. म्हणेनात का, माझं काही अडत नाही.

आम्ही क्रीम बनवतो. हातापायाला लावायचं, तोंडाला लावायचं, भेगांना लावायचं. मी टाकीवर आहे, सव्वीस वर्षं झाली. एका टाकीत तेल, मेण आणि इमल्सिफायरचे पांढरे मणी वितळत ठेवायचे. दुसऱ्या टाकीत पाणी. दोन्ही पंचाहत्तर अंशांवर आणायचं, मग पाणी हळूहळू तेलात सोडायचं आणि खालची फिरकी जोरात चालू करायची. पाच मिनिटांत त्या पिवळट तेलाचं दाट पांढरंशुभ्र क्रीम होतं. सव्वीस वर्षांत मी ते बघायची थांबलेली नाही, एवढं मात्र खरं.

तेल आणि पाणी एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. त्यांना धरून ठेवतो तो हा इमल्सिफायर. साबणाच्याच खानदानातला. त्याच्या एका टोकाला तेलाची ओढ, दुसऱ्याला पाण्याची. तेलाच्या प्रत्येक बारीक थेंबाभोवती हे गोल करून बसतात आणि थेंबांना एकत्र येऊ देत नाहीत. शेजारच्या विभागात शाम्पू बनतो, तिथे ह्यांचेच भाऊबंद कामाला आहेत. ते एका टोकाने केसांवरचा चिकटा पकडतात आणि पाण्याबरोबर चालते होतात. आमच्याकडच्यांनी बसून राहायचं, तिकडच्यांनी निघून जायचं, एवढाच फरक. आमच्यात इमल्सिफायर कमी पडला, तर महिन्याभरात डबीत पाणी खाली आणि तेल वर. जास्त झाला, तर तो कातडीचंच तेल ओढून नेतो, आणि क्रीम लावूनही माणूस कोरडा तो कोरडाच. ह्यावरून तुम्हाला संसार आणि नातीगोती वगैरे काही सुचत असेल तर कृपा करा. आमच्याकडे कुणी निवृत्त झालं की कुणीतरी हेच भाषण ठोकतं, आणि मी दर वेळी उठून बाहेर जाते.

तयार क्रीमचा दाटपणा मशीन मोजतं. आंबटपणा मोजायला पट्टी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघतात. पण सगळ्यात शेवटी माणसाचा हात लागतो, कारण कातडीला काय वाटेल ते मशीनला सांगता येत नाही.

तो हात म्हणजे वहिनी. प्रयोगशाळेत खिडकीजवळ तिचं टेबल आहे. वर स्टीलची पट्टी, बाजूला नळ, एक घड्याळ. ती साध्या पाण्याने हात धुणार, कोरडे करणार, डाव्या हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढं क्रीम घेणार, उजव्या हाताच्या दोन बोटांनी दहा वेळा गोल फिरवणार. डोळे मिटून. मग दहापैकी एक आकडा. सातच्या खाली आकडा आला की पाचशे किलो माल परत टाकीत. एकदा तिने सलग दोन दिवस ‘सहा’ म्हटलं आणि सांगितलं, "मेण बदललंय." सगळे हसले. केमिस्ट साहेबांनी पोती तपासली, तर माल पाठवणाऱ्यांनी खरंच दुसऱ्या ठिकाणचं मेण पाठवलं होतं. त्या दिवसापासून तिच्या आकड्यावर कुणी ब्र काढत नाही. बावीस वर्षं ती हे करत होती.

आता दादाचं सांगते. माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी गेला. सहा आठवडे दवाखान्यात होता. मी पहिल्या पाळीला जायची, तिने रजा घेतली होती. त्या दिवशी पाळी संपवून चारच्या सुमाराला मी तिथे पोचले, तर खोलीच्या दारात नर्स उभी. म्हणाली, चादर बदलायला आले तेव्हा कळलं. तास-दीड तास आधीच गेले असणार, अंग गार पडलं होतं. आणि वहिनी? वहिनी शेजारीच खुर्चीवर. त्याचा हात तिच्या उजव्या हातात, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र.

माझं डोकंच फिरलं. व्हरांड्यात चार माणसं उभी होती, मावशी होती, वहिनीचा भाऊ होता. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "मेण बदललेलं कळतं तुला! माझा भाऊ दीड तास गार पडलाय आणि हात हातात धरून बसली असताना तुला कळलं नाही?"

ती काही बोलली नाही. रडलीही नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.

मी लग्न केलं नाही, त्यांना मूलबाळ नाही. त्यामुळे दोन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो. साडेपाचला उठायचं. ती चहा ठेवणार, मी डबे भरणार. एकाच बसने जायचं, एकाच बसने यायचं. भांडण नाही, तंटा नाही. बोलणंच नाही तर भांडण कुठून होणार? लग्न होऊन आली तेव्हा मला ‘वन्सं’ म्हणायची, मुद्दाम नाक मुरडून, मला चिडवायला. मी पण तिच्या वाकड्या भाकऱ्यांना नकाशे म्हणायची. ते सगळं बंद झालं. वर्तमानपत्र बंद केलं, कुणी केलं आठवत नाही. तिचा राग यायचा तोही पुढे पुढे येईनासा झाला. मला काहीच वाटेनासं झालं. सकाळी बस, संध्याकाळी बस. दादाचा चष्मा फडताळात होता तिथेच होता. रोज दिसायचा, आणि दिसून काही व्हायचं नाही.

तिच्या हातून कपबशा फुटायच्या. सुईत दोरा ओवता यायचा नाही. एकदा तव्याला बोट लागून टरटरून फोड आला, तर मला आधी दिसला आणि मग तिला. मी म्हटलं, दुःखाने हात गळालेत हिचे. आणि खरं सांगू? मनात असंही म्हटलं, गळू देत.

ती बोलायची फक्त त्या टेबलावर. "आठ." "साडेसात." "पुन्हा ढवळायला सांग." तिथे ती ताठ बसायची, मान वर. मला दिसत होतं, एवढं एक टेबल आहे म्हणून ही सकाळी उठते. ते गेलं तर ही भिंतीकडे तोंड करून बसेल आणि तशीच राहील. निवृत्तीला तीन वर्षं होती. माझा तिच्यावर कितीही राग असो, ते टेबल तिच्याकडून जाऊ नये असं मला वाटायचं.

परवा-परवाची गोष्ट. मंगळवार होता. बॉयलर सकाळपासून रडत होता, वाफ धड येत नव्हती. तेल झालं पंचाहत्तर, पाणी काही सदुसष्टच्या वर जाईना. पाणी थंड असलं की मेण त्याला लागताक्षणी गोठतं आणि क्रीममध्ये बारीक दाणे राहतात. वरून काही दिसत नाही, पांढरं आणि चकचकीत. बोटाला मात्र वाळू लागल्यासारखं लागतं. हे मला माहीत नाही असं नाही, मी हे दुसऱ्यांना शिकवते. पण पाळी संपायला आली होती, भरणीवाले दोनदा विचारून गेले होते. मी काटा बघितला, म्हटलं, सोडते. बिघडलंच तर वहिनीच्या हातातून सुटणार आहे थोडंच? ती सहा म्हणेल, मी पुन्हा तापवेन, दोन शिव्या खाईन.

नमुना वर गेला. निरोप आला, "हाताने नऊ दिलेत."

मी चक्रावले. मग खूशही झाले, का खोटं बोलू? टाकी धुताना कडेला राहिलेलं क्रीम आम्ही हाताला चोळतो, सगळेच चोळतात. मी कोपराला लावलं आणि बोटांखाली खरखर. पुन्हा लावलं. पुन्हा खरखर. शेंबड्या पोराला कळली असती एवढी.

मला त्या क्षणी आठवलं की हल्ली ती डोळे मिटत नाही. किती दिवस झाले कोण जाणे. डोळे उघडे ठेवून, अगदी खाली वाकून हाताकडे बघते. मी ते रोज बघत होते, आणि बघून सोडून देत होते.

माल पिंपात होता. भरणी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुरू होणार होती.

मी निघताना चांगल्या बॅचचं थोडं क्रीम डबीत घेतलं. घरी आल्यावर ती हातपाय धुवायला गेली तेव्हा झाकणात ते काढलं आणि त्यात चमचाभर साखर कालवली. हो, साखर. माझा स्वभाव असाच आहे, सरळ विचारता येत नाही मला.

ती येऊन बसली. मी म्हटलं, "जरा बघ गं, दुसऱ्या पाळीचं आहे. काहीतरी गडबड वाटतेय. डोळे मीट."

"घरी कशाला?"

"बघ म्हटलं ना."

तिने डोळे मिटले. मी तिच्या हातावर क्रीम ठेवलं. तिने दोन बोटं फिरवली, एक, दोन, तीन, पूर्ण दहा. साखरेचा कचकच आवाज मला ऐकू येत होता. तिलाही आला असणार, कारण आठव्या फेरीला बोटं जरा थांबली. पण फेऱ्या पुऱ्या केल्या.

"नऊ," ती म्हणाली.

"डोळे उघड."

तिने हाताकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग उठून हात धुतले, पुसले, आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आधी उजवा. मग डावा पण. बोटंच फक्त. मागची बाजू चांगली आहे." पाळीचा अहवाल वाचावा तशी बोलत होती. "तेलकट आहे का, किती वेळात मुरतं, ते हाताच्या पाठीला कळतं. पांढरे पट्टे उठतात का, ते डोळ्यांना दिसतं. दाणा तेवढा कळत नाही. बाकीच्यांचा माल मी काचेवर पसरून उजेडात धरते. शंका आली की सहा देते."

"मग माझा का नाही धरलास?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "तुझी बॅच होती ना. तुझी कधी बिघडलीये?"

मी खाली बसले. मी तिच्या हातावर विसंबून पाणी सोडलं आणि ती माझ्यावर विसंबून नऊ म्हणाली. पाचशे किलो.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"एकदा. मनगटात नस दबलीये म्हणाले. रोज तेच तेच काम करून होतं. ऑपरेशन करा म्हणाले, पण रजा कशासाठी म्हणून सांगायची? साहेबांना कळलं असतं."

"कधी गेली होतीस?"

"हे दवाखान्यात होते तेव्हाच. खालच्या मजल्यावर."

मला कळायला थोडा वेळ लागला. चहा पुढ्यात होता, मी कप उचलला आणि परत ठेवला.

"म्हणजे तेव्हा..."

"तेव्हा उजवा गेलाच होता," ती म्हणाली. "महिनाभर आधीपासून त्यांचा हात मला रोज सारखाच लागायचा. गरम नाही, गार नाही. त्या दिवशी पण तसाच होता."

मी चहा बाजूला सारला.

"शब्दकोडं सोडवत होतो आम्ही," ती म्हणाली. "पेपरातलं. त्यांना सुचायला वेळ लागायचा, माहीत आहे ना तुला. मी प्रश्न वाचायची आणि थांबायची. घाई केलेली त्यांना चालायची नाही. आठ आडवा वाचला. ते काही बोलले नाहीत. डोळे मिटलेले होते. मला वाटलं, विचार करतायत. मला उत्तर येत होतं, पण मी सांगितलं नाही. वाट बघत बसले. मग नर्स आली."

तिचा आवाज जराही हलला नाही.

"अगं मग मी तुला तसं बोलले तेव्हा तोंड का नाही उघडलंस? सगळ्यांसमोर बोलले मी!"

"तू बरोबरच विचारलं होतंस," ती म्हणाली. "कळायला हवं होतं. मला नाही कळलं."

दोन वर्षं मी हिला शिक्षा दिली. गप्प राहून दिली, शेजारी बसून दिली, एकाच बसमधून येता-जाता दिली. आणि हिने ती बिनतक्रार घेतली, कारण हिला वाटत होतं की ती बरोबरच आहे. माझी मलाच लाज वाटली. मी तिला म्हटलं, "माझं चुकलं. फार चुकलं." ती म्हणाली, "चहा गार होतोय." मग स्वतःच कपाच्या बाजूला हाताची पाठ लावून बघितली आणि म्हणाली, "झालाच आहे."

सकाळी मी तिच्या आधीच्या बसने गेले. साडेसातला केमिस्ट साहेबांच्या दारात. साहेब सज्जन माणूस आहे, पण सकाळी सकाळी मला बघितलं की त्यांच्या पोटात गोळा येतो.

"कालचा माल भरू नका," मी म्हटलं. "पाणी सदुसष्टला सोडलं मी. दाणे आहेत."

"हाताने तर नऊ दिलेत."

"मीच द्यायला सांगितले. घरातल्या घरात दबाव आणला. ती नाही म्हणत होती. तिचा काही दोष नाही."

साहेबांनी चष्मा काढला. इतकी वर्षं ओळखतात आम्हाला. माझं हे खोटं शाळेतल्या पोरीलाही शोभलं नसतं, पण मी रेटून नेत होते. टेबल तिचंच राहायला हवं होतं. मला मेमो द्या, घरी बसवा, काय वाटेल ते करा.

तेवढ्यात ती आत आली. पांढरा कोट घातलेला, वरपर्यंत बटणं लावलेली. ती बटणं लावायला तिला रोज किती वेळ लागतो ते मी दोन वर्षं बघत होते.

"साहेब, हिचं ऐकू नका," ती म्हणाली. "माझ्या बोटांना काही कळत नाही. दोन वर्षं झाली. टेबल दुसऱ्या कुणाला तरी द्या."

साहेब खिडकीकडे बघत राहिले. मग त्यांनी ड्रॉवरमधून टाचणी काढली, तिच्या बोटांकडे बघितलं, टाचणी परत ठेवली, आणि म्हणाले, "बसा तुम्ही." आजवर त्यांनी तिला ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

कालचा माल परत टाकीत गेला. अठ्ठ्याहत्तरवर नेला, पुन्हा फिरकी लावली, दुपारपर्यंत ठाकठीक झाला. दोन वर्षांचे ठेवलेले नमुने काढून तपासले. माझ्या बॅचेसपैकी आणखी एकीत दाणा निघाला, अगदी थोडा. माझी मान खाली गेली ती गेलीच. मला मेमो मिळाला आणि आठ दिवस घरी बसवलं. वहिनीला नमुन्यांच्या खोलीत दिलं. तिथे गरम कपाटात आणि थंड कपाटात डब्या ठेवलेल्या असतात. दर आठवड्याला बघायचं, कुठे पाणी सुटलंय का, तेल वर आलंय का. डोळ्यांचं काम आहे. खोलीला खिडकी नाही. तिथे तिला आकडा विचारायला कुणी येत नाही.

मनगटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, आहे त्याहून बिघडणार नाही, पण गेलेलं परत येईल असं नाही. ती "बरं" म्हणाली. टेबलावर आता पॅकिंगमधल्या दोघी बसतात, आणि दोघींचे आकडे जुळत नाहीत. लोक अजून म्हणतात, "हात असता तर..." आणि ती समोरून आली की गप्प होतात.

भिंतीकडे तोंड करून बसेल अशी मला भीती होती. तशी बसली नाही. आहे तशीच आहे. उठते, चहा ठेवते, माझ्याबरोबर बसमध्ये चढते.

गेल्या रविवारी मी वर्तमानपत्र आणलं. तिने टेबलावर पडलेलं बघितलं आणि भांडी पुसत राहिली. पुसून झाली तेव्हा मी शेजारची खुर्ची ओढली. ती बसली. मी तिचा उजवा हात घेतला, पालथा केला, आणि पाठीवर माझा हात ठेवला. तिथे कळतं म्हणाली होती.

शब्दकोडं शेवटच्या पानावर होतं. मी पहिले चार-पाच सोडून दिले आणि आठ आडवा वाचला.

ती गप्प. घड्याळ टिकटिकत होतं. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. मला उत्तर येत होतं. मी सांगितलं नाही. पण माझा जीव टांगणीला लागला, म्हटलं, ही बोलणार आहे की नाही.

"वहिनी?"

"थांब ना वन्सं," ती म्हणाली. "विचार करतेय."